हात कसा करायचा: पत्त्यांत नव्याने बसणाऱ्यांसाठी

येळवशीच्या दुपारी, भज्जी आणि आंबील पोटात गेल्यावर, आमच्या शेतात दोन गोष्टी ठरलेल्या. पोरं झोक्यावर आणि मोठी माणसं लिंबाखाली सतरंजी टाकून मेंढीकोटला. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या या अमावास्येला गावंच्या गावं रानात असतात, त्यामुळे शेजारच्या बांधावरही तोच देखावा. आणि दरवर्षी कुणीतरी एक जण सतरंजीच्या कडेला नुसता बघत बसलेला असतो. नवी सून, पहिल्यांदा आलेला जावई, नाहीतर यंदाच सातवीत गेलेला भाचा. "या की, बसा" म्हटलं की उत्तर येतं, "नको, मला नाही येत." हा लेख त्या माणसासाठी आहे.

न येण्यात त्याचा दोष नसतो. आपण शिकवतो चुकीचं. पहिल्याच डावात हुकूम, भिडू, दश्श्या, कोट असं सगळं एकदम सांगतो, आणि नवा माणूस घाबरून हाती लागेल ते पान टाकत राहतो. माझ्या मामांनी मला एकेक पायरी चढवत शिकवलं. पुढे मी घरातल्या बऱ्याच जणांना तसंच शिकवलं, आणि तोच क्रम इथे देते. सगळ्या पायऱ्यांखाली एकच नियम आहे: पानावर पान द्यायचं, म्हणजे पहिल्या पडलेल्या पानाच्या रंगाचंच पान द्यायचं. त्यातून दुसऱ्यांच्या हातातली पानं हळूहळू दिसायला लागतात. मला या खेळांचं वेड लागलं ते त्यामुळेच.

आधी कॅट हातात घ्या

५२ पानं, चार रंग: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. इथे रंग म्हणजे लाल-काळं नव्हे, या चारांपैकी एक. प्रत्येक रंगाची १३ पानं. सगळ्यात मोठा एक्का, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, असं उतरत सगळ्यात लहान दुर्री. बदाम सात किंवा रमी खेळलेल्यांना हे ठाऊक असतं, पण त्या खेळांत हात, म्हणजे सगळ्यांनी एकेक पान टाकून ती सगळी एकाने उचलणं, नसतात. झब्बू खेळला असाल तर तुम्ही अर्धी वाट चाललेले आहात. तिथेही उतारीच्या, म्हणजे पहिल्या टाकलेल्या पानाच्या, रंगाचंच पान द्यावं लागतं. फरक एवढाच की झब्बूत पानं गळ्यात पडली की नुकसान, आणि इथे मोठं पान टाकून ती उचलण्यातच फायदा.

पानं हातात आली की रंगवार लावा, पण लाल-काळं आलटून पालटून: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. बदाम आणि चौकट शेजारी आले की घाईत डोळा फसतो. "माझ्याकडे नाही" म्हणून बसतो आणि तीन हातांनंतर ते पान निघतं. नव्या माणसाच्या बहुतेक चुका या एका सवयीने टळतात.

पहिली पायरी: हुकूम नाही, भिडू नाही, नुसते हात

चौघं बसा. प्रत्येकाला १३ पानं वाटा. पिसणाऱ्याच्या उजवीकडचा पहिलं पान टाकतो, ती उतारी. मग उजवीकडून एकेकाने एकेक पान टाकायचं. उतारी ज्या रंगाची, त्या रंगाचं पान हातात असेल तर तेच द्यायचं. नसेल तरच दुसरं काहीही टाकता येतं. चार पानं पडली की उतारीच्या रंगातलं सगळ्यात मोठं पान ज्याचं, त्याचा हात. तो चारही पानं उचलून समोर पालथी ठेवतो आणि पुढची उतारी त्याची. असे १३ हात. ज्याचे जास्त, तो जिंकला.

नव्या माणसाची गाडी हमखास अडते ती जागा पाहा. आज्जीने चौकटची नव्वी उतरवली. मामांनी चौकटची राणी टाकली. ताईने चौकटची तिर्री दिली. तुमच्याकडे चौकट एकही नाही, म्हणून तुम्ही बदामचा एक्का टाकला. हात कुणाचा? मामांचा. तुमचा एक्का पत्त्यांतला सगळ्यात मोठा असला तरी तो चौकटचा नाही, म्हणून या हातात त्याला किंमत नाही. तो फुकट गेला. तिथे बदामची दुर्री टाकली असती तर एक्का पुढच्या हाताला शिल्लक राहिला असता. "रंग नसेल तर सगळ्यात निरुपयोगी पान टाका" हे नुसतं सांगून कळत नाही. असा एक एक्का डोळ्यांदेखत गेला की मात्र पुन्हा विसरत नाही.

माझी विनंती आहे, पहिले दोन डाव सगळ्यांनी पानं उघडी ठेवून खेळा. जाणत्यांना कंटाळा येईल, येऊ द्या. नवा माणूस समोरच्याची पानं बघत बघत "मी हे टाकलं तर ते पडेल" असं मोठ्याने बोलतो. पुढे मनात करायची आकडेमोड त्याला आधी डोळ्यांनी दिसते.

दुसरी पायरी: हुकूम

आता चारांपैकी एक रंग हुकूम ठरवा. शिकताना कॅट कापून जो रंग निघेल तो घ्या. हुकूम म्हणजे बाकी तिन्ही रंगांवरचा रंग. उतारीचा रंग तुमच्याकडे नसेल तर तुम्ही हुकूम मारू शकता, आणि हुकुमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला खाते. दोघांनी हुकूम मारला तर मोठ्या हुकुमाचा हात. वरच्या उदाहरणात बदाम हुकूम असता तर तुमची बदामची दुर्रीच मामांच्या राणीवर बसली असती, एक्क्याची गरजही नव्हती.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. उतारीचा रंग हातात असताना हुकूम मारता येत नाही. आणि रंग नसला तरी हुकूम मारलाच पाहिजे असंही नाही, दुसरं पान टाकून हुकूम जपून ठेवता येतो.

हुकूम आला की लहान पानांनाही जीव येतो, आणि ज्याच्याकडे एखादा रंग कमी आहे तो अडचणीत न राहता फायद्यात जातो. म्हणून एखाद्या रंगाचं एकटंच लहान पान असेल तर ते लवकर उतरवून टाका. पुढच्या वेळी त्या रंगाची उतारी झाली की हुकूम मारायला तुम्ही मोकळे.

हुकुमाची कल्पना पत्त्यांइतकी जुनी नाही. ती युरोपात पंधराव्या शतकात रुजली. आपल्याकडच्या गंजिफ्यात, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांच्या खेळात, हुकूम नव्हताच. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. सावंतवाडीला ती गोल पानं आजही हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफ्यात दहा रंग आणि १२० पानं. अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि एक लहान, तर अर्ध्या रंगांत राजा-प्रधानाखाली एक मोठा आणि दहा लहान! पहिली उतारी दिवसा रामाची आणि रात्री कृष्णाची. रंगाचं पान मोठ्या पानाने मारून हात करायचा, हा गाभा मात्र तोच. लिंबाखाली आपण जे खेळतो त्याचं मूळ इतकं खोल आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिसरी पायरी: भिडू

समोरासमोर बसलेले दोघं भिडू. आता हात तुमचा झाला काय आणि भिडूचा झाला काय, एकच. ऐकायला सोपं आहे, पण हात शिवशिवतो.

मी दहा वर्षांची असताना पहिल्यांदा मोठ्यांच्या डावात बसले. आज्जी माझी भिडू. तिने चौकटचा राजा उतरवला होता, एक्का आधीच गेला होता, म्हणजे हात आमचाच. माझ्याकडे चौकट नव्हती, हुकूम होता. मी मोठ्या थाटात हुकुमाची राणी मारली. आज्जीने पानं खाली ठेवली आणि म्हणाली, "अगं, आपलाच हात व्हायलता की! हुकूम कशाला मारलास?" मी मामांकडे बघितलं. ती म्हणाली, "मामाच्या तोंडाकडं काय बघायलीस, पडलेल्या पानाकडं बघ." तीन हातांनंतर ती राणी हवी होती, तेव्हा ती नव्हती. तो डाव आम्ही एका हाताने हरलो.

तेव्हापासून पान काढण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारते: आत्ता हात कुणाचा होतोय? भिडूचा होत असेल आणि त्याला मागचं कुणी मारणार नसेल तर लहान पान द्या. समोरच्यांचा होत असेल तर विचार करा.

कितव्या क्रमांकावर तुमची पाळी आहे त्यावरही बरंच ठरतं. दुसरे असाल तर सहसा लहान पान द्या, कारण तुमचा भिडू शेवटी आहे आणि तो सगळं बघून टाकणार आहे. तिसरे असाल तर भिडूने उतारी केली आहे आणि तुमच्या मागे एकच जण आहे, म्हणून मोठं पान टाका. शेवटचे असाल तर हात होईल एवढंच मोठं पान टाका, त्याहून मोठं नको. गुलामाने होणारा हात एक्क्याने करू नका. याला अपवाद पुष्कळ निघतील, पण पहिले पन्नास डाव एवढ्यावर निभावतात.

चौथी पायरी: मेंढीकोट

आता खरा खेळ. यात नुसते हात मोजत नाहीत, चार दश्श्या मोजतात. दश्शीला मेंढी म्हणतात. ज्या जोडीकडे तीन किंवा चार मेंढ्या, ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा जास्त, ते जिंकले. एकूण हात १३ असल्यामुळे बरोबरी होऊच शकत नाही. चारही मेंढ्या एका जोडीने घेतल्या तर कोट. तेराच्या तेरा हात केले तर बावन्नपानी कोट, तो क्वचित होतो आणि वर्षभर बोलला जातो. हरलेल्या जोडीवर पिसणी. पानं आधी पाच-पाच आणि मग चार-चार अशी वाटतात.

हुकूम ठरवायच्या दोन रीती आहेत. बंद हुकुमात पिसणाऱ्याच्या उजवीकडचा आपल्या पानांतलं एक पान पालथं ठेवतो. कुणाकडे उतारीचा रंग नसला की तो हुकूम उघडायला सांगतो. दुसऱ्या रीतीत हुकमाशिवायच खेळ सुरू होतो, आणि ज्याच्याकडे पहिल्यांदा उतारीचा रंग नसेल तो जे पान टाकेल तो रंग हुकूम. नव्यांसाठी मला दुसरी रीत बरी वाटते, कारण हुकूम कसा जन्माला येतो ते समोर दिसतं. ती संधी तुमच्यावर आली तर घाईने हातातलं मोठं पान टाकू नका. ज्या रंगाची पानं तुमच्याकडे सगळ्यात जास्त आहेत त्यातलं टाका, कारण उरलेला डाव त्या रंगावर चालायचा आहे.

दश्शीची मजा अशी की तिच्यावर चार पानं मोठी: एक्का, राजा, राणी, गुलाम. ती स्वतःच्या जोरावर सहसा हात करत नाही. तिला कुणाच्या तरी हातात सुखरूप पोचवावं लागतं. म्हणून सुरुवातीला दश्शी उतरवू नका. भिडूने एक्का टाकला आणि त्याला कुणी हुकूम मारणार नसेल, तर त्यावर दश्शी द्या. समोरच्यांचा हात होत असताना तुमच्याकडे दश्शीसोबत त्या रंगाचं लहान पान असेल तर लहानच द्या. आणि भिडू हात करत असताना उतारीचा रंग तुमच्याकडे नसेल, तर दुसऱ्या रंगाची अडकून पडलेली दश्शी तिथेच सोडवून घ्या. हा मेंढीकोटमधला सगळ्यात गोड क्षण.

मोजणं: इथे थोडं थांबा

नवे लोक म्हणतात, "एवढी पानं लक्षात कशी राहणार?" सगळी लक्षात ठेवायचीच नसतात. तेरा पानांचा हात ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६०० प्रकारे येऊ शकतो, पाठांतराने काही होत नाही. सुरुवातीला फक्त हुकूम मोजा. तुमच्याकडे हुकुमाची चार पानं आहेत, म्हणजे बाहेर नऊ. दुसऱ्यांकडून एकेक पडलं की मनात कमी करत जा: आठ, सात, सहा. एवढंच. महिनाभर खेळल्यावर चार एक्के आणि चार दश्श्या कुठे गेल्या तेही आपोआप लक्षात राहायला लागतं.

याच्या जोडीला एक साधा हिशोब ठेवा. रंगाची पानं १३, खेळणारे चार. म्हणजे कुठलाही रंग चौघांकडून पूर्ण फिरला तर जास्तीत जास्त तीन वेळा. चौथ्यांदा तो उतरवला की कुणाकडे तरी नसणारच, आणि बहुतेकदा तिसऱ्याच वेळी नसतो. म्हणून एक्का फार दिवस सांभाळत बसू नका. पहिल्या फेरीत तो जवळपास नक्की हात करतो, तिसऱ्या फेरीत त्यावर दुर्री बसते.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची: कोण काय टाकतो यापेक्षा कोण काय टाकत *नाही* ते बघा. ताईने बदामच्या उतारीवर चौकट टाकली, म्हणजे तिच्याकडे बदाम संपले. हे तिने तोंडाने सांगितलं नाही, नियमाने तिच्याकडून वदवून घेतलं.

हे तिन्ही एकत्र कसं चालतं ते एका शेवटच्या तीन हातांच्या डावात दाखवते. पानं समोर मांडून बघितलीत तर जास्त चांगलं कळेल.

तुम्ही आणि आज्जी भिडू. मामा आणि ताई भिडू. पाळी अशी: तुम्ही, मग मामा, मग आज्जी, मग ताई. हुकूम किलवर. इस्पिकची मेंढी तुमच्याकडे आली आहे, चौकटची त्यांच्याकडे. बदाम आणि किलवरची बाकी आहे. उतारी तुमची आणि हातात तीन पानं: किलवरचा गुलाम, बदामची दश्शी, इस्पिकची दुर्री.

पहिल्यांदा हुकूम मोजा. एक्का, राजा, राणी धरून दहा किलवर पडले आहेत. राहिले तीन. एक तुमचा गुलाम, म्हणजे बाहेर दोन: दश्शी आणि सत्ती. तुमचा गुलाम आता सगळ्यात मोठा.

मग बदाम. एक्का गेला आहे. मघाशी आज्जीने बदामची छक्की उतरवली तेव्हा ताईने चौकट टाकली, तुम्ही राणी टाकली आणि शेवटी मामांनी तिर्री दिली. ताईकडे बदाम नाहीत. मामांकडे राजा असता तर त्यांनी तो तुमच्या राणीवर टाकलाच असता, त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. म्हणजे बदामचा राजा आज्जीकडे. ती काही बोललेली नाही, तरी तुम्हाला कळलं.

आता मोह होतो की राजा भिडूकडे आहे तर दश्शी उतरवू या. तसं केलंत तर मामा गुलाम टाकतील, आज्जी राजा टाकेल, आणि ताई सत्तीचा हुकूम मारून दश्शी घेऊन जाईल. म्हणून आधी किलवरचा गुलाम उतरवा. मामांकडे किलवरची एकटी दश्शी आहे, त्यांना ती द्यावीच लागते. आज्जी चौकटची पंजी टाकते. ताईची सत्ती पडते. एक मेंढी आली आणि बाहेरचे हुकूमही संपले. आता बदामची दश्शी. मामा बदामचा गुलाम टाकतात, आज्जी राजा टाकते, ताईकडे ना बदाम ना हुकूम. तिसरी मेंढी तुमची. शेवटच्या हाताला आज्जीकडे चौकटची छक्की उरते, आणि तिच्यावरची चौकट कुणाकडेच नसल्यामुळे ती छक्कीसुद्धा हात करते.

दोन्ही हुकूम एकाकडेच असते तर त्याने सत्ती टाकून दश्शी मागे ठेवली असती, हे खरं. पण तेव्हाही आधी हुकूम काढण्यात तोटा नव्हता. शत्रूच्या हातातले हुकूम आधी संपवायचे आणि मगच आपला ऐवज बाहेर काढायचा, ही चाल एकदा हाताला बसली की पुढचे सगळे खेळ सोपे जातात.

चौघं नसतील तर

तिघं असाल तर पाच-तीन-दोन. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची सगळी पानं काढा, आणि सत्त्यांपैकी इस्पिक आणि बदामच्याच ठेवा. राहिली ३० पानं, प्रत्येकी दहा. आधी पाच-पाच वाटून झाल्यावर एक जण हुकूम सांगतो, त्याला पाच हात करावे लागतात. पिसणाऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. ज्याचे ठरल्यापेक्षा जास्त झाले तो पुढच्या डावात कमी पडलेल्याच्या हातातून न बघता पान ओढतो आणि आपलं नको असलेलं पान परत देतो. ओढताना समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. दर डावाला भूमिका बदलतात, त्यामुळे कधी लोभी आणि कधी काटकसरी खेळायला शिकवणारा यासारखा खेळ नाही.

दोघंच असाल तर त्याच ३० पानांत सात-आठ. प्रत्येकी १५ पानं, एकाला आठ हात, दुसऱ्याला सात. काही घरांत सगळी पानं हातात घेतात, काही घरांत थोडी समोर पालथी-उघडी मांडतात. बसण्याआधी घरची रीत विचारून घ्या. उन्हाळ्यात वीज गेलेल्या दुपारी मी आणि आत्या सलग सात-आठ खेळत असू, आणि बाहेर पारा बेचाळीसच्या वर असला तरी उठावंसं वाटत नसे.

बसायच्या आधी

रंग असून दुसरं पान टाकलं आणि ते उघड झालं तर काय, हे आधीच ठरवा. आमच्याकडे तो डाव समोरच्यांना जातो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मात्र पान परत घेऊ द्यावं. नुकताच झालेला हात पुढची उतारी होईपर्यंत उलटून बघायची मुभा असावी. भिडूला डोळे, खाकरणं, पान आपटणं अशा खुणा अजिबात नकोत. खुणा सुरू झाल्या की वर सांगितलेला सगळा विचारच निरर्थक होतो. आणि चुकीवर बोलायचं ते डाव संपल्यावर, पानं मांडून. मधेच ओरडलं की नवा माणूस पुढच्या येळवशीला पुन्हा कडेलाच बसतो.

पैसे लावू नका. आपल्या गावांत पत्ते म्हटलं की पारावरचा जुगार आणि त्याने मोडलेली घरं आठवतात, आणि तो राग मला पटतो. पण त्यापायी कितीतरी घरांत, विशेषतः मुलींच्या हाती, पत्तेच येऊ दिले नाहीत. त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना सांगायला एक गोष्ट आहे. याच कुळातला ब्रिज २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत होता, आणि प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार यांनी त्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते. मेंढीकोट हातात बसला असेल तर ब्रिजचा खेळ तुम्हाला ओळखीचा वाटेल: तेच ५२ पत्ते, तेच भिडू, तेच १३ हात. नवीन असते ती आधीची बोली, म्हणजे किती हात करणार ते आधी बोलून ठरवणं, आणि एका भिडूची पानं टेबलावर उघडी पडणं.

शेतात जाताना प्लास्टिकचा कॅट न्या. कागदी पानांना आंबिलीचे हात लागले की ती चिकटतात, आणि पाठीवर डाग पडला की ते पान सगळ्यांना ओळखू येतं. वारा असेल तर झालेल्या हातांवर खडा ठेवा. बसण्याआधी पानं मोजून घ्या. आमची चौकटची तिर्री एका वर्षी कडब्यात गेली ती सापडलीच नाही. जोकरवर पेनाने "चौकट तिर्री" लिहून तोच कॅट आम्ही अजून वापरतो.